पाळणा आधी आणू नये

गेल्या महिन्यात माझ्या बहिणीची सून घरी आली होती. सातवा महिना, पहिलीच खेप. तिच्या मोबाइलमध्ये एक यादी होती. बाळ येण्याआधी घ्यायच्या वस्तूंची. मी मोजल्या, बेचाळीस भरल्या. डायपर, बाबागाडी, दुधाच्या बाटल्या, त्या बाटल्या निर्जंतुक करायचं यंत्र, पाळण्यावर गोल फिरणारं खेळणं, असं बरंच काही. "मावशी, यातलं खरंच काय लागतं ते तुम्ही सांगा," ती म्हणाली.

मला एकदम माझी आजी आठवली. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या घरात तिचा नियम असा होता की, मूल जन्माला येऊन त्याचा आवाज ऐकल्याखेरीज त्याच्या नावानं सुईसुद्धा विकत आणायची नाही. "पाळणा आधी आणू नये," हे तिचं ठरलेलं वाक्य. आम्ही नातवंडं तिला हसायचो.

अर्थात, विकत आणायचं नाही म्हणजे तयारी करायची नाही, असं मुळीच नव्हतं. तयारी महिनोन् महिने चाले. फक्त ती बाळाची आहे असं कुणी म्हणत नसे. आईची आणि आजीची जुनी नऊवारी लुगडी धुऊन धुऊन मऊसूत झालेली असत. ती फाडून लंगोट निघत, दुपटी निघत, आणि उरलेल्या चिंध्यांचे थर लावून गोधडी शिवली जाई. बाळाच्या अंगाला पहिल्यांदा नवं कापड लावायचं नाही, हा दुसरा नियम. पहिलं झबलं शेजारपाजारच्या एखाद्या धडधाकट मुलाचं मागून आणलेलं. लोक याला अंधश्रद्धा म्हणोत; पण नव्या कापडाची खळ आणि कडकपणा कोवळ्या कातडीला बोचतो, हे त्या बायकांना ठाऊक होतं.

बाकी तयारी स्वयंपाकघरात आणि फडताळात होई. गुटीची सहाण, वेखंड, हळकुंड, जायफळ, मुरडशेंग, हिरडा, सुंठ यांची पुरचुंडी. धुरीसाठी ओवा, वावडिंग आणि बाळंतशेपा. बाळंतिणीची बाज, तिच्याखाली ठेवायची शेगडी, डिंक, हाळीव. माळ्यावरून चांदीचं बोंडलं निघे. बोंडलं म्हणजे चोचीची छोटी वाटी, आईला दूध कमी असेल तर वरचं दूध पाजायला. "अजून बोंडल्यानं दूध पितोस का?" असं आपण वेंधळ्या माणसाला म्हणतो, ते हेच. वाळे, बिंदल्या, काळे मणी, खणाची कुंची, अंगडं-टोपडं हा सगळा थाट मात्र बारशाला. बाळंतविडा नातलगांनी आणायचा तोही जन्मानंतर. पाळणा अनेकदा आळीत एकच असे, आणि तो या घरातून त्या घरात फिरत राही.

आता यातल्या सगळ्याच गोष्टी जपाव्यात असं मी म्हणणार नाही. गुटी आणि डोळ्यांतलं काजळ डॉक्टर आज नको म्हणतात. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको, हे आता सर्वमान्य आहे. कोंदट खोलीतल्या शेगडीच्या धुरानं किती बाळंतिणींचे डोळे आणि छाती गेली असेल, तेही विसरून चालणार नाही.

पण माझा प्रश्न वेगळा होता. इतकी तयारी, मग बाळाच्या नावानं काही आणायला एवढी भीती का?

उत्तर आपल्या जुन्या नावांमध्ये आहे. दगडू, धोंडू, केरू, भिकू. आधीची मुलं गेलेल्या घरात पुढच्या मुलाला असं नाव ठेवत. हे केर आहे, दगड आहे, याच्याकडे कुणी लक्ष देऊ नका, असं जणू मृत्यूलाच सांगायचं. उत्तर पाचवीच्या पूजेतही आहे. त्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते म्हणून दिवा तेवत ठेवत, बायका जागत. पूजेत पाटा-वरवंटा असे, कोरा कागद आणि लेखणी असे, आणि अनेक घरांत विळा किंवा सुरीही असे. नाव ठेवायचं ते बाराव्या दिवशी. पाचव्या रात्रीची धास्ती आणि बाराव्या दिवसाचा आनंद यांच्यामध्ये जो आठवडा येतो, त्यात काय होत असे?

आनंदीबाई जोशी यांना कल्याणला १८७८ मध्ये मुलगा झाला. त्या वेळी त्यांचं वय चौदाच्या आत-बाहेर. ते मूल दहा दिवस जगलं. बारसं व्हायच्या आतच गेलं. डॉक्टर होण्याचा त्यांचा निश्चय या दुःखातून पक्का झाला. १८८६ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या पदवीधर झाल्या, तेव्हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. त्यांचं मूल कशानं गेलं यावर मी तर्क करणार नाही. पण त्या आठवड्यात मुलं नेणारा एक आजार घरोघरी माहीत होता. चांगलं जन्मलेलं, दूध ओढणारं मूल तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर तोंड मिटून घेई, दूध ओढेना, अंग ताठ होई, धनुष्यासारखं वाकडं होई आणि बहुधा आठवडाभरात जाई. हा धनुर्वात.

त्याचं कारण घराबाहेर कुठं नव्हतं. नाळ विळ्यानं, सुरीनं किंवा बांबूच्या धारदार कामटीनं कापत. जखमेवर राख, हळद, कुठे कुठे शेणसुद्धा लावत. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात राहतात. जपानी शास्त्रज्ञ कितासातो यांनी १८८९ मध्ये बर्लिनमध्ये हे जंतू वेगळे करून दाखवले. पण बर्लिनहून सुईणीच्या विळ्यापर्यंत ही बातमी पोचायला फार वर्षं लागली. १९८८ मध्येदेखील जगात एका वर्षात सुमारे ७ लाख ८७ हजार नवजात बालकं धनुर्वातानं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता. त्यांत भारताचा वाटा मोठा होता.

म्हणून बाळ येण्याआधी घ्यायच्या वस्तूंची खरी यादी मला विचाराल, तर या देशात ती एका छोट्या पाकिटात मावत होती. साबणाची वडी, नवं ब्लेड, स्वच्छ दोरा, प्लॅस्टिकचा तुकडा, कापसाची घडी. घरी होणाऱ्या बाळंतपणांसाठी सरकारी आरोग्य कार्यक्रमांतून असं पाकीट दिलं जाई. सुईणींना पाच गोष्टी शिकवत. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ ब्लेड, स्वच्छ दोरा, आणि नाळेला काहीही लावायचं नाही. याच्या जोडीला गरोदरपणात आईला धनुर्वाताची लस. १९८५ पासूनच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमानं ती गावोगावी नेली. दवाखान्यातली बाळंतपणं वाढली. शेवटी २०१५ मध्ये माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचं भारतातून निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. निर्मूलन म्हणजे कुठल्याही जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकाहून कमी. वर्तमानपत्रात ही बातमी किती जणांनी वाचली असेल, कोण जाणे. पाचवीला दिवा लावून जागणाऱ्या बायकांच्या पिढ्यांना ती कळायला हवी होती.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी जे केलं, तेही याच वाटेवरचं. गावातल्याच बायकांना शिकवून त्यांनी घरोघरी नवजात बाळांची देखभाल सुरू केली. बाळाचं वजन, तापमान, श्वास मोजायचा, ऊब द्यायची, जंतुसंसर्ग वेळेत ओळखायचा. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा अहवाल आला, त्यानुसार त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. ज्या वस्तूंनी हे साधलं, त्या बाळांच्या दुकानात शोभेच्या कपाटात ठेवलेल्या नसतात.

सरकारनं बाळाचं सामान द्यावं ही कल्पना मात्र जुनी आहे. फिनलंडनं १९३८ पासून गरीब मातांना आणि १९४९ पासून सर्वच मातांना बाळाच्या कपड्यांची पेटी द्यायला सुरुवात केली. अट एकच, गरोदर बाईनं वेळेत डॉक्टरकडे किंवा केंद्रात तपासणीला यायचं. आपल्याकडे तमिळनाडूनं २०१५ मध्ये सोळा वस्तूंचा संच सुरू केला आणि पुढे महाराष्ट्रानंही सरकारी दवाखान्यात पहिलं बाळंतपण होणाऱ्या मातांसाठी बेबी केअर किट आणलं. पेटीच्या निमित्तानं बाई दवाखान्याची पायरी चढते, हे त्यातलं मर्म.

बहिणीच्या सुनेच्या यादीतल्या बाटल्या आणि ते यंत्र मी आधी खोडलं. बाटल्यांची आणि दुधाच्या पावडरीची जाहिरात करायला आपल्याकडे १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे, हे तिला माहीत नव्हतं. डायपर थोडे घे म्हटलं. रात्री झोप सगळ्यांनाच लागते.

आणि मग तिला आजीची गोष्ट सांगितली. १९८२ साली माझ्या पहिल्या खेपेला मी लस घ्यायला तालुक्याच्या दवाखान्यात गेले, तेव्हा सत्तरीची आजी सोबत आली होती. "ही सुई कशाला?" तिनं नर्सला विचारलं. नर्सनं समजावून सांगितलं. विळ्याचं, राखेचं, अंग ताठ होण्याचं. आजी ऐकत राहिली. "आठव्या दिवशी होतं का गं ते?" तिनं विचारलं. नर्स म्हणाली, "बहुतेक तेव्हाच, आजी." आईच्या आधी तिला एक मुलगा झाला होता, हे मला त्या दिवशी कळलं. त्याच्यासाठी तिनं आधीच खणाची कुंची शिवून ठेवली होती, आणि तो गेला तो आपल्या त्या उतावळेपणामुळे, असं बावन्न वर्षं तिच्या मनात होतं.

परतताना एस.टी. स्टँडच्या वाटेवर कापडाचं दुकान लागलं. आजी थांबली. कनवटीचे पैसे काढून तिनं दोन मीटर मलमल मागितली. "कशाला लागतीय?" दुकानदारानं सहज विचारलं. "नातीच्या बाळाला," आजी म्हणाली. मला तेव्हा पाचवा महिना होता.