लोखंडाचा थकवा

यंत्रशास्त्र हा काही माझा प्रांत नव्हे. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण अभियंते धातूच्या बाबतीतही ‘थकवा’ हाच शब्द वापरतात हे समजलं, तेव्हा त्या शब्दाचा इतिहास शोधावासा वाटला.

तो इतिहास एका आगीपाशी नेतो. ८ मे १८४२. व्हर्सायचा उत्सव पाहून लोक पॅरिसला परतत होते. आगगाडीच्या पुढच्या इंजिनाचा आस तुटला, मागचे डबे एकमेकांवर चढले आणि पेटले. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे डब्यांना बाहेरून कुलपं होती. पन्नासहून अधिक माणसं दगावली.

आसावरचा भार तर रोजचाच होता. मग तो त्याच दिवशी का तुटावा? जर्मनीतले रेल्वे अभियंते ऑगस्ट व्योलर यांनी वर्षानुवर्षं आस फिरवून, वाकवून पाहिले आणि १८७० साली निष्कर्ष मांडले. एका मोठ्या ओझ्याला दाद न देणारं लोखंड त्याहून हलक्या भाराच्या लाखो फेऱ्यांनी तुटतं. भाराइतकीच फेऱ्यांची मोजदाद महत्त्वाची ठरली.

मोटारीच्या बाबतीत ही मोजदाद अवघड. खड्डा, वळण, ब्रेक, प्रत्येकाचा हिसका निराळा. १९६८ साली जपानच्या एन्दो आणि मात्सुइशी यांनी त्यावर युक्ती काढली. हिसक्यांचा आलेख उभा धरायचा, म्हणजे तो पॅगोड्याच्या उतरत्या छपरांसारखा दिसतो. त्यावरून पावसाचं पाणी कसं ओघळेल ते पाहून फेऱ्या मोजायच्या. ही ‘पाऊसधारे’ची रीत आजही जगभर वापरतात. कवीला हेवा वाटावा अशी ही कल्पना!

आता गाडी तयार होण्याआधीच संगणकात तिच्या सांगाड्याचे लाखो बारीक तुकडे कल्पितात. झोक्याला वेळेवर दिलेला हलका धक्काही त्याला उंच नेतो. तसा सांगाडा कोणत्या लयीत थरथरू लागेल, हे आधी काढतात. मग कोणता सांधा किती हिसक्यांनंतर चिरेल, याचा अंदाज बांधतात.

पण संगणकाला रस्ता ठाऊक नसतो. धातूवर ताणमापक चिकटवून, खऱ्या रस्त्यावर गाडी चालवून ते हिसके नोंदवावे लागतात. गुळगुळीत महामार्गाची नोंद दिली, तर आपल्या घाटातल्या, पावसाळ्यात उखडलेल्या रस्त्याचं उत्तर मिळणार नाही. म्हणून नवी गाडी घेताना मायलेज विचारतो, तसंच ती कोणत्या रस्त्यांवर पारखली, हेही विचारायला हवं.