चौकट, कात्री आणि रस्त्यावरचा माणूस



छायाचित्रणावर बोलावयास एका कामगार कार्यकर्त्याला का उभे केले, असे आपणांस वाटले असेल. शाळा मी लवकर सोडली. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, रद्दीच्या दुकानात आणि लोकांच्या दारात. छायाचित्राकडे नीट पाहावयास मात्र मला एका कात्रीने शिकविले.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. येथेच हिंजवडीत एका इमारतीच्या फाटकाबाहेर साफसफाईचे काम करणाऱ्या कंत्राटी बायका थकलेल्या पगारासाठी बसल्या होत्या. चाळीसएक जणी, रस्त्याच्या कडेला, जेवणाचे डबे मांडीवर घेऊन. मी उभा राहून दोन शब्द बोललो. एका वृत्तपत्राच्या माणसाने छायाचित्र घेतले. दुसऱ्या दिवशी ते छापून आले, तर त्यात मी एकटाच! वर केलेला हात, उघडे तोंड आणि मागे आकाश. बायका नाहीत, डबे नाहीत, फाटकही नाही. त्यांच्यातली एक मला म्हणाली, "दादा, उन्हात आम्ही बसलो आन् पेपरात तुम्ही आलात."

मूळ छायाचित्र मी पुढे मागून घेतले. त्यात मी डाव्या कोपऱ्यात लहानसा होतो. चित्राचा सारा भार बसलेल्या बायकांच्या रांगेवर होता आणि ती रांग डोळ्याला थेट बंद फाटकापाशी नेत होती. आडवे चित्र उभे कापताच रांग तुटली, फाटक गेले आणि बसलेल्यांची बातमी उभ्या माणसाची झाली. कागदावर जे उरले होते त्यात खोटे काहीच नव्हते. तरी गोष्ट खोटी झाली होती.

तेव्हापासून मी ह्या कात्रीचा इतिहास शोधू लागलो. तो आपल्या मुंबईतच सापडला. १८५४ साली मुंबईत छायाचित्रकारांची 'बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी' स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तर त्या काळचे नामांकित छायाचित्रकार. त्या दिवसांत काचेवर रसायन ओतून, काच ओली आहे तोवर चित्र घ्यावे लागे आणि समोरच्या माणसाला काही सेकंद निश्चल राहावे लागे. धावता रस्ता त्या काचेवर उमटत नसे. म्हणून रस्त्यावरच्या माणसालाच बोलावून, उभे करून त्याचे चित्र घेत.

त्याच मुंबईतील विल्यम जॉन्सन ह्या छायाचित्रकाराने येथील निरनिराळ्या जातीजमातींच्या लोकांच्या चित्रांचा ग्रंथ दोन खंडांत लंडनहून प्रसिद्ध केला. पहिला खंड १८६३ चा. दुसरा १८६६ चा, आणि तो महाराष्ट्रावर होता. आता कात्रीची करामत पाहा. माणसांची छायाचित्रे एकीकडे घेतलेली. त्यांच्या आकृती कापून काढून दुसरीकडे टिपलेल्या दृश्यांवर बसविलेल्या. चित्र ठाकठीक झाले. माणूस मधोमध, मागे देखणा देखावा, खाली जातीचे नाव. पण तो माणूस कोठे उभा होता, काय करीत होता, त्याच्याजवळ कोण होते, हे सारे कात्रीखाली गेले. माणसाची आकृती राहिली, त्याचा रस्ता गेला.

पुढे वृत्तपत्रांत ब्लॉक आले. छायाचित्राचे बारीक ठिपक्यांत रूपांतर करून धातूच्या पत्र्यावर ब्लॉक करीत आणि त्याचा दर चौरस इंचावर ठरे. पान रकान्यांत विभागलेले. आता हिशेब करा. पुढाऱ्याचा चेहरा एका रकान्यात बसतो; मोर्चाला तीन रकाने लागतात. उपसंपादकाची लाल पेन्सिल चित्राच्या कडेला खुणा करी, ती बहुधा दुष्टपणाने नव्हे, जागेच्या आणि पैशाच्या टंचाईने. पण टंचाईची झळ नेहमी रांगेतल्या शेवटच्या माणसाला लागते, हे कामगाराला शिकवावे लागत नाही.

१९२५ साली लायका हा हातात मावणारा कॅमेरा बाजारात आला आणि धावता रस्ता छायाचित्राच्या आवाक्यात आला. त्या कॅमेऱ्याचा थोर उपासक म्हणजे फ्रान्सचा आंरी कार्तिए-ब्रेसाँ. १९४८ साली गांधीजींच्या अखेरच्या दिवसांची आणि अंत्ययात्रेची चित्रे त्यानेच घेतली. काय घ्यावे आणि काय सोडावे हे बटण दाबण्यापूर्वीच ठरले पाहिजे, मागाहून कापणे नाही, असा त्याचा बाणा. पण त्याचे १९३२ सालचे सर्वांत गाजलेले चित्र, पॅरिसच्या सँ-लाझार स्थानकामागे साचलेल्या पाण्यावरून उडी घेणारा माणूस, हे कापलेलेच आहे! कुंपणाच्या फळ्यांमधल्या फटीतून ते घेतले होते आणि एका बाजूला फळी आड आली होती. ती कापल्यावर उडी, पाण्यातले प्रतिबिंब आणि मागच्या भिंतीवरील जाहिरातीत तशीच झेप घेणारी नर्तकी यांची जुळणी डोळ्यांत भरते. येथे कात्रीने रचना बांधली आणि कोणाचीही साक्ष बुडविली नाही. गेली ती एक फळी.

म्हणजे कापणे हेच पाप, असे मी म्हणत नाही. प्रश्न याहून अवघड आहे. ८ जून १९७२ रोजी व्हिएतनाममधील त्रांग बांग गावाच्या रस्त्यावर नापामने भाजलेली लहान मुले किंचाळत धावत आली. ते चित्र जगभर गेले. पूर्ण चित्रात उजवीकडे एक छायाचित्रकार आपल्या कॅमेऱ्यातील फिल्म बदलण्यात गुंतलेला दिसतो. सर्वांच्या परिचयाच्या चित्रात तो नाही. त्याला कापल्याने नजर त्या मुलीवर खिळते आणि तिचे दुःख थेट पोहोचते. पण अशा वेळी बघ्यांच्या हातांत काय होते, हा प्रश्नही त्याच्याबरोबर गेला. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. तरी मुलीची साक्ष शाबूत राहिली, म्हणून ती कात्री मी क्षम्य मानतो.

जानेवारी २०२० मधली कात्री मात्र मला क्षम्य वाटत नाही. दाव्होस येथे हवामानाच्या प्रश्नावर लढणाऱ्या पाच तरुणींचे छायाचित्र एका जागतिक वृत्तसंस्थेने दिले. त्यात चारच दिसल्या. कडेला उभी असलेली युगांडाची व्हनेसा नाकाटे, त्यांतली एकटी आफ्रिकी, कापली गेली होती. तिच्यामागची इमारत रचनेला खटकत होती, असा खुलासा झाला. संस्थेने चूक कबूल करून खेदही व्यक्त केला. रचनेचे कारण खरे असेलही. पण रचनेच्या नावाखाली कडेचा माणूसच सहज जातो, हे ध्यानात ठेवा.

याच्या उलट आपल्या सुधारक ओलवे यांचे काम पाहा. मुंबईच्या सफाई कामगारांची छायाचित्रे त्यांनी वर्षानुवर्षे काढली. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कचऱ्याच्या ढिगात उभ्या असलेल्या कामगाराच्या चित्रातून कचरा कापला, तर एक चांगला चेहरा उरेल. पण त्या कामगाराची तक्रार उरणार नाही. त्याची गोष्ट त्याच्याभोवतीच्या घाणीत आहे, म्हणून ती चौकटीत राहिलीच पाहिजे.

आता पुन्हा आपल्या गावी येऊ. चैत्री पौर्णिमेला म्हातोबाचे बगाड हिंजवडीहून वाकडकडे निघते, तेव्हा शेकडो मोबाईल वर होतात. कोणी मागचे काचेचे मनोरे कापून जुने गाव दाखवितो. कोणी गर्दी कापून एकटा गळकरी दाखवितो. दोन्ही चित्रे देखणी येतील. पण शेते जाऊन इन्फोटेक पार्क आले आणि तरीही बगाड निघते, ही हिंजवडीची खरी गोष्ट मनोरे, गर्दी आणि बगाड एका चौकटीत आल्यावाचून कळायची नाही.

पूर्वी कात्री उपसंपादकाच्या हातात होती. आज ती प्रत्येकाच्या बोटाशी आहे. म्हणून माझे मागणे एवढेच आहे. चित्र जरूर कापा, पण मूळ चित्र जपून ठेवा आणि कापण्यापूर्वी स्वतःला विचारा: जाते आहे ती फळी, की माणूस? माणूस असेल, तर त्याच्यावाचून ही गोष्ट तीच राहील काय?

त्या बायकांचा पगार पुढे मिळाला. त्यांचे ते पूर्ण चित्र आमच्या कचेरीत भिंतीवर लावले आहे. त्यात मला शोधावे लागते, आणि ते योग्यच आहे.