कवटीतला खळगा

डोक्याच्या मागे, मानेच्या वर बोट फिरवून पाहा. उंचवटा लागतो ना? ती पश्चकपालास्थी. तिच्या तळाच्या मोठ्या छिद्रातून मज्जारज्जू खाली उतरतो. आतून तिला, लहान मेंदूच्या दोन भागांमध्ये, बारीकशी कड असते.

इटलीचे डॉक्टर चेझारे लोम्ब्रोझो यांना कॅलाब्रियातल्या व्हिलेल्ला या मृत कैद्याच्या कवटीत कडेऐवजी खळगा दिसला. तसा काही माकडांत असतो. झालं! गुन्हेगार जन्मतःच मागासलेला, असा सिद्धान्त त्यांनी मांडला. १८७६ चा त्यांचा ग्रंथ युरोपभर गाजला. मला चीड येते ती याची, की असा खळगा सरळमार्गी माणसांतही सापडतो.

व्हिलेल्लाच्या गावाने कवटी परत मागितली. २०१२ साली न्यायालयाने ती द्यायला सांगितलं. वरच्या न्यायालयाने निकाल फिरवला. कवटी तुरिनच्या संग्रहालयातच राहिली.