मोजून पाहावे

योग म्हणजे संसार सोडलेल्यांचा उद्योग, अशी माझी समजूत होती. ती खोटी ठरविणारे कार्य आपल्या मावळातच, लोणावळ्यास, १९२४ साली सुरू झाले.

जगन्नाथ गणेश गुणे यांनी बडोद्यास प्रो. माणिकरावांपाशी व्यायामाचे आणि मालसर येथे माधवदासजींपाशी योगाचे शिक्षण घेतले. तेच पुढे स्वामी कुवलयानंद झाले. गुरूवर त्यांची पूर्ण निष्ठा. पण योगक्रिया यंत्राने तपासण्याचा आग्रहही तितकाच. नौली करताना आतड्यात बाहेरच्या हवेहून कमी दाब होतो, हे त्यांनी मोजून दाखविले व त्या निर्वात स्थितीस गुरूचेच नाव दिले. कैवल्यधाम व ‘योगमीमांसा’ नियतकालिक दोन्ही १९२४ चीच. पुढे योगशिक्षक घडविणारे महाविद्यालयही निघाले. १९६६ साली स्वामीजी निवर्तले. कार्य चालू आहे.

मंडळाच्या योगवर्गात मीही पंधरा दिवस बसले. तेथे मन शांत असे. सोळाव्या दिवशी घरी दूध उतू गेले आणि मी सुनेवर ओरडले! वर्ग वाट दाखवितो, चालायचे आपणच, हे तेव्हा उमगले. मग मीही मोजू लागले. आज किती वेळा आवाज चढला, ते रोज रात्री वहीत लिहिते. आकडा शून्यावर आलेला नाही. उतरला मात्र आहे. वही तपासायला सुनेकडेच देते.