कोंबडीची शुद्ध

गटारीच्या सकाळी पनवेलच्या बाजारात चिकनच्या दुकानांपुढे रांग लागते. गिऱ्हाईक पिंजऱ्यातली कोंबडी बोटाने दाखवते, ती काट्यावर जाते, मानेवर सुरी फिरते आणि उरलेली तडफड पिंपात संपते. डोळ्यांदेखत कापलेली ती ताजी, हा आपला हिशेब. त्या तडफडीचा हिशेब जगाने फार उशिरा मांडला.

विजेने पक्षी मारण्याची कल्पना निघाली ती कुतूहलातून. १७५० च्या नाताळात बेंजामिन फ्रँकलिन एका टर्कीला विजेचा धक्का द्यायला गेला आणि धक्का स्वतःच खाऊन बसला! दयेचा विचार विसाव्या शतकातला. ब्रिटनने गुरांना आधी बेशुद्ध करण्याचा कायदा १९३३ साली केला. कोंबड्यांची पाळी यायला १९६७ उजाडले. अमेरिकेच्या १९५८ च्या कायद्यात तर कोंबडीला अजून जागा नाही.

यंत्र तसे साधे. पायांनी उलटे टांगलेले पक्षी पुढे सरकतात, डोके पाण्यात बुडते, वीज डोक्यातून पायांकडे जाते. प्रवाह पुरेसा असेल तर मेंदू क्षणात बंद पडतो; मग सुरी. मेख इथेच आहे. प्रवाह कमी पडला तर पक्षी लुळा पडतो, पण शुद्धीत असतो. पाहणाऱ्याला वाटते, काम झाले. एखाद्याने मान वर उचलली तर तो जागेपणीच सुरीपुढे जातो. म्हणून युरोपीय संघाने २०१३ पासून दर कोंबडीमागे किमान १०० मिलिअँपिअर प्रवाह ४ सेकंद द्यायचे बंधन घातले. वारंवारता वाढली की हा आकडाही वाढतो. कारखान्यांना वरची वारंवारता आवडते, कारण मांसात रक्त कमी साकळते.

आपल्याकडे रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९५३ साली राज्यसभेत विधेयक मांडले, त्यातून पुढे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आला. त्यात ‘प्राणी’ म्हणजे माणूस सोडून कुठलाही सजीव. तरी २०२३ साली गुजरात उच्च न्यायालयात कोंबडी प्राणी की पक्षी, हा प्रश्न निघालाच. धर्माने सांगितलेल्या पद्धतीने केलेली कत्तल २८ व्या कलमाने गुन्ह्यातून वगळली आहे. पक्षी पुन्हा शुद्धीवर येऊ शकेल इतकाच धक्का असेल तर काही उलेमांना तो मान्य आहे, काहींना नाही. आणि आपल्या बाजारातल्या ‘झटक्या’त वीज नसतेच, तो एका घावाचा झटका.

२००१ च्या कत्तलखाना नियमांनुसार एका जनावरासमोर दुसरे कापता येत नाही. दुकानात मात्र पिंजरा सुरीपासून हातभर अंतरावर. दुकान त्या नियमांच्या व्याख्येत बसते का, हे वकिलांनी ठरवावे. विजेचे यंत्र छोट्या दुकानदाराला परवडणारे नाही. पत्र्याचे नरसाळे परवडते: कोंबडी त्यात उलटी बसते, पंख आपटत नाहीत, रक्त खाली निथळते. पिंजऱ्यापुढे पडदाही लावता येतो. गिऱ्हाइकाने मागितले तर दुकानदार नाही म्हणणार नाही, असे मला वाटते.