दोन वेगांची गाठ

पानिपतला जाणारा मराठी माणूस बहुधा एकाच ओढीने जातो. १७६१ च्या जानेवारीत जेथे आपली एक पिढी कामास आली ते मैदान पाहावे, काला आंबच्या स्मारकापाशी क्षणभर उभे राहावे आणि जड मनाने परतावे, असा त्या यात्रेचा परिपाठ आहे. सरकारी कामानिमित्त दिल्लीस गेलो असता एक दिवस सवड काढून मीही तसाच गेलो. परंतु येताना मी जो इतिहास बरोबर आणला तो अगदीच निराळा निघाला. तो होता मालमोटारीच्या गिअरबॉक्सचा!

पानिपत हे ग्रँड ट्रंक रोडवरचे गाव. दिल्लीपासून सुमारे ९० किलोमीटर. शेरशहाने या रस्त्याची नीट व्यवस्था लावली, मोगलांनी त्याच्या कडेने कोसमिनार उभारले. त्यांतले कितीतरी हरियाणात अद्याप उभे आहेत. ज्या वाटेने सैन्ये आली त्याच वाटेने आज रात्रंदिवस मालमोटारी धावतात. अशाच एका ढाब्यावर मी चहा घेत बसलो असता समोरच्या खाटेवरून मराठी शब्द कानी पडले. तासगावचा बेदाणा घेऊन अमृतसरकडे निघालेला एक चालक आपल्या तरुण क्लीनरला काहीतरी समजावून सांगत होता. परमुलखात मायबोलीचा शब्द ऐकला की ओळख व्हावयास वेळ लागत नाही. गोष्ट निघाली ती गाडीची. मी म्हणालो, "इतकी अवजड गाडी हाकायची म्हणजे हातात मोठे बळ हवे." ते हसून म्हणाले, "बळाचं काही नाही साहेब. आमच्या वेळी गिअर कानानं टाकायचा असे. आता गाडी स्वतःच सांभाळून घेते."

'कानाने गिअर टाकणे' या शब्दांत जवळजवळ सव्वाशे वर्षांचा इतिहास साठवलेला आहे.

इंजिनाचा एक स्वभाव आहे. ते ठरावीक वेगाच्या मर्यादेतच जोमाने काम करते. चाकांना मात्र कधी चढावर सावकाश, कधी सपाटीवर वेगाने फिरावे लागते. या दोघांत मध्यस्थी करतात ती लहानमोठी दंतचक्रे. १८९० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये एमिल लव्हासोर याने सरकत्या दंतचक्रांची जी योजना रूढ केली, तीत एक फिरते चक्र सरकवून दुसऱ्या फिरत्या चक्रात घुसवावयाचे असे. दोहोंचे वेग जुळले तर ठीक. नाही तर दातावर दात घासून असा कर्कश आवाज होई की रस्त्यावरची माणसे वळून पाहत. पुढे सुधारणा झाली. चक्रे कायमची एकमेकांत गुंतलेली ठेवून, त्यांतले हवे ते चक्र दांड्याशी जोडण्यासाठी खाचांची एक कडी सरकवावयाची, अशी ती रचना होती. तिला 'कॉन्स्टंट मेश' म्हणतात. दंतचक्रांचे दात वाचले, पण वेग जुळवण्याचे काम चालकाकडेच राहिले.

ते काम कसे चाले? धावत्या एस. टी. त चढणारा मनुष्य आठवा. तो आधी गाडीबरोबर चार पावले धावतो, वेग जुळला की दांडी धरतो. चालकालाही तसेच करावे लागे. वरचा गिअर घ्यायचा तर क्लच दाबून गिअर काढावयाचा, क्लच सोडून इंजिनाचा वेग उतरू द्यावयाचा, पुन्हा क्लच दाबून नवा गिअर घालावयाचा. खालचा घ्यायचा तर मधल्या क्षणी इंजिनाला नेमका तेवढा ॲक्सिलरेटर देऊन वेग वाढवावयाचा. यालाच चालक 'डबल क्लच' म्हणतात. त्या क्षणाची खूण सांगणारे कोणतेही यंत्र गाडीत नसे. ती इंजिनाच्या सुरावरून ओळखावयाची.

हे कसब यंत्राकडे सोपवण्याची युक्ति अमेरिकेत अर्ल थॉम्प्सन याने काढली आणि १९२८ साली ती कॅडिलॅक मोटारीत आली. तिचे नाव सिंक्रोमेश. तत्त्व साधे आहे. कडी अडकण्यापूर्वी शंकूच्या आकाराचे दोन भाग एकमेकांवर घासतात. त्या घर्षणाने दोन्ही वेग सारखे होतात आणि मगच दात दातात बसतात. छोट्या मोटारींनी ही युक्ति भराभर उचलली. मालमोटारींनी मात्र घाई केली नाही, आणि त्याला कारणे होती. अवजड गाडीची चक्रे वजनदार. त्यांचा वेग बदलावयाचा तर त्या घर्षणावर फार ताण पडतो, कडी झिजते, पेटी लांब व महाग होते. अमेरिकेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांनी म्हणूनच जुनी, साधी पेटी दीर्घकाळ सोडली नाही. युरोपने सिंक्रोमेशची वाट धरली.

आपल्याकडे १९५४ साली टेल्कोने डाइम्लर-बेंझशी करार करून जमशेदपुरास मालमोटारी बांधावयास आरंभ केला. १९५५ साली मद्रासेस अशोक लेलँड हे नाव रूढ झाले. कुर्ल्यास वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरचा कारखाना होताच. त्या काळातल्या चालकांची पिढी डबल क्लचवरच वाढली. ही विद्या कोणत्याही शाळेत मिळत नसे. क्लीनर म्हणून वर्षानुवर्षे उस्तादाशेजारी बसावे, शिव्या खाव्यात आणि कान तयार करावा, हीच तिची परंपरा.

त्या कानाची किंमत घाटात कळे. ढाब्यावरच्या चालकांनी आपल्या उमेदवारीतली गोष्ट सांगितली. खंबाटकीचा उतार होता, गाडी भरलेली होती. खालचा गिअर घेण्यासाठी त्यांनी वरचा काढला, पण वेग जुळला नाही आणि गिअर बसेना. उतारावर गाडीचा वेग क्षणोक्षणी वाढतो, आणि जो गिअर आता बसला नाही तो पुढच्या क्षणी बसणे अधिकच कठीण. इंजिनाचा आवर गेला, सारा भार ब्रेकवर आला, ब्रेक तापून निकामी होऊ लागले. शेजारी बसलेल्या उस्तादाने चाक हिसकून गाडी डोंगराच्या कडेला घासत नेली म्हणून दोघे वाचले. उस्ताद नंतर एवढेच म्हणाला, "ज्या गिअरात घाट चढतोस, त्याच गिअरात उतर. आणि तो उतार लागण्याआधी घाल." सिंक्रोमेश आल्यावर गिअर बसण्याची धास्ती कमी झाली, उस्तादाचा नियम मात्र आजही तितकाच खरा आहे.

मौज अशी की कालचक्र पुन्हा फिरले आहे. युरोपातल्या बहुतेक नव्या अवजड गाड्यांत आता गणकयंत्रच गिअर बदलते. २००१ साली व्होल्वोने आणलेल्या अशा पेटीच्या मुख्य भागात सिंक्रोमेश ठेवलेलेच नाही. इंजिनाचा वेग कमीजास्त करून गणकयंत्र तो नेमका जुळवते. म्हणजे उस्तादाची विद्या खोटी नव्हती; तिचा धारक तेवढा बदलला.

श्रोतेहो, दुसऱ्या दिवशी मी काला आंबपाशी उभा राहिलो तेव्हा हा सारा विचार मनात होता. १७६० साली परतुडाहून निघालेल्या भाऊसाहेबांच्या सैन्यात तरी एक वेग कोठे होता? इब्राहिमखान गारद्याच्या जड तोफा व शिस्तीने पावले टाकणारे पायदळ एकीकडे, वाऱ्यासारखे धावणारे घोडदळ दुसरीकडे, आणि बरोबर बायकामुले व यात्रेकरू यांचा प्रचंड लवाजमा. तोफांच्या आश्रयाने गोल बांधून लढावे की गनिमी काव्याने, याविषयी सरदारांत मतभेद होता. १४ जानेवारीस गारद्यांनी रोहिल्यांवर निकराचा हल्ला चढविला, पण आपल्याच घोडदळाच्या काही पथकांनी उतावीळपणे पुढे धाव घेतल्याने तोफांच्या माऱ्यास अडथळा झाला, असे अनेक इतिहासकार सांगतात. पराभवाची कारणे पुष्कळ होती. उपासमार होती, उत्तरेत मित्र उरले नव्हते, दख्खनची वाट तुटली होती. एका दृष्टांताने तो इतिहास उलगडेल असे मी म्हणणार नाही.

तरीही त्या मैदानात उभे असता दुरून जाणाऱ्या गाड्या दिसल्या आणि त्या चालकाचे शब्द आठवले. निरनिराळ्या वेगांनी फिरणारी चक्रे एकत्र आणावयाची तर आधी त्यांचे वेग जुळवावे लागतात, आणि तेही उतार लागण्यापूर्वी. कचेरीतली माझी खुर्ची तशी लहानच. पण तिच्यावर बसतानाही हे वाक्य मला अनेकदा आठवते.