सिंहासन (चित्रपट) : समीक्षा आणि प्रभाव

सत्तास्पर्धेवरील गाजलेला मराठी कृष्णधवल चित्रपट (१९७९). दिग्दर्शक जब्बार पटेल. विजय तेंडुलकर यांची पटकथा अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ व ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवर बेतलेली आहे. संगीत हृदयनाथ मंगेशकर यांचे. १९७९ साठीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला.

कथासूत्र : मुख्यमंत्री जिवाजीराव (अरुण सरनाईक) यांना निनावी फोन येतो, त्यांना पदावरून खाली खेचण्याचा कट शिजत असतो. संशयाची सुई अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे (श्रीराम लागू) यांच्याकडे वळते. मग आमदारांची जुळवाजुळव, कामगार पुढारी डिकास्टा (सतीश दुभाषी) याचे डावपेच आणि तस्करांचे जग यांची गुंफण होत जाते. हा सारा खेळ पत्रकार दिगू टिपणीस (निळू फुले) जवळून पाहतो आणि अखेर त्याचे मानसिक संतुलन ढळते.

समीक्षा : चित्रपटाचे वेगळेपण त्याच्या अलिप्तपणात आहे. दाभाडे महत्त्वाकांक्षी आहेत, पण खलनायक नाहीत. जिवाजीरावही धुतल्या तांदळासारखे नाहीत. दोघांच्या भांडणात धोरणाचा प्रश्न जवळजवळ येतच नाही, आणि हेच भाष्य ठरते. पटेल-तेंडुलकर जोडीच्या ‘सामना’त निळू फुले यांनी मुजोर साखरसम्राट रंगवला होता, तर लागूंनी त्याला जाब विचारणारा मास्तर. इथे लागू सत्तेच्या बाजूला गेले आणि फुले साक्षीदार झाले. एरवी ठसक्यात बोलणारे फुले इथे बहुतेक वेळ ऐकतात, पाहतात. त्यामुळे शेवटचे वेडे हसू अंगावर येते.

मर्यादाही आहेत. पात्रे व उपकथानके इतकी आहेत, की काही धागे घाईने गुंडाळले जातात. स्त्री-व्यक्तिरेखांना पुरेसा अवकाश नाही. ज्यांच्या नावाने राजकारण चालते ती जनता बरीचशी पडद्याआडच राहते.

प्रभाव : ‘सिंहासन’ टिकून का राहिला, हे चरित्रपटाशी तुलना केल्यावर कळते. नेते गोपीनाथ मुंडे यांच्या जीवनावरील ‘संघर्षयात्रा’ (२०१७) या चित्रपटात शरद केळकर यांनी मुंडेंची भूमिका केली. अशा चरित्रपटावर ज्ञात घटनांचे आणि लोकभावनेचे ओझे असते. ‘सिंहासन’ने कोणा एका नेत्याची गोष्ट सांगितली नाही, म्हणून प्रत्येक पिढीला त्यात आपल्या काळातले चेहरे शोधता आले. महाराष्ट्रातील २०१९ नंतरच्या सत्तांतरांच्या वेळी दिगू टिपणीसची आठवण पुन्हा पुन्हा निघाली. मराठी राजकीय चित्रपटांत सत्तेच्या कार्यपद्धतीचे इतके नेमके चित्रण क्वचितच झाले आहे.